लांब भिंगाचा वाटा

"जवळ सरा. आनी जरा जवळ. घरचीच मानसं न्हवं?"

काळ्या फडक्याखालून डोकं बाहेर काढायचं, दोन्ही तळवे एकमेकांकडे आणायचे आणि हे म्हणायचं, ही अण्णांची रीत. गिऱ्हाईक कानडी असलं तर "हत्तर बर्री, इन्नू हत्तर" एवढाच फरक. तळवे तेच. शहापुरातल्या त्यांच्या फोटोच्या दुकानात त्या तळव्यांच्या इशाऱ्यावर जी माणसं एकमेकांना खेटून उभी राहिली, त्यांतली निम्मी तरी घरी गेल्यावर एकमेकांचं तोंड बघत नसतील. अण्णांना ते कळायचं. कोण कुणाशेजारी उभं राहायला का कू करतंय हे त्यांना फोटोच्या पेटीमागच्या दुधी काचेवर उलटं दिसायचं, आणि त्यावर ते चकार शब्द काढायचे नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी, बेळगाव-निपाणीकडच्या एखाद्या सोप्यात, जुना ग्रूप फोटो असेल तर खाली उतरवून नीट बघा. मधली माणसं ठीक आणि दोन्ही कडेची जरा फुगलेली, आडवी झालेली दिसली, तर तो अण्णांचा फोटो आहे असं खुशाल समजा. मागे राजवाड्याचा जिना आणि जिन्यावर मोर असेल तर शंकाच नको. तो पडदा मी रंगवला आहे. मोराची मान वाकडी झाली आहे हे मला ठाऊक आहे. आजवर पुष्कळांनी सांगितलं आहे.

मी पाट्या रंगवणारा पेंटर. दुकानांच्या पाट्या हा माझा धंदा आणि अण्णांचे पडदे ही हौस. अण्णा माझ्याहून थोडे मोठे, त्यांचा धाकटा भाऊ माझ्याच वयाचा. आमची घरं एकाच गल्लीत. दोन्ही बाजूंना कोष्ट्यांची घरं, मागांचा खटखटाट सकाळपासून चालू, आणि गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घरातल्या आमटीत मीठ कमी पडलं तरी या घराला कळावं.

अण्णांची आणखी एक खोड होती. एखादा चेहरा मनात भरला की ते मूठ पोकळ करून एका डोळ्याला लावायचे, दुसरा डोळा मिटायचे आणि म्हणायचे, "हां. हलू नगंस." भाजीच्या बाजारात, देवळाच्या पायरीवर, कुठंही. एका माळणीनं एकदा त्यांच्या अंगावर मुळ्याची जुडी फेकली होती. ओळखीचे लोक हसायचे, अनोळखी लोक डोक्यावर परिणाम झालाय असं धरून चालायचे. मी मात्र त्या मुठीला कधी हसलो नाही. त्या मुठीत काय असायला हवं होतं आणि ते कुठं गेलं, हे मला माहीत होतं.

ते असं झालं.

बेळगावच्या कॅम्पातला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला होता. निघताना साहेब लोक बंगल्याच्या व्हरांड्यात सामान मांडायचे. खुर्च्या, कपबश्या, शिकारीची शिंगं, आणि गावातले लोक जाऊन घासाघीस करायचे. या साहेबाला फोटोचा नाद होता. त्याच्याकडे दोन वापरलेली भिंगं विकायला आहेत अशी बातमी आली आणि अण्णा, धाकटा आणि मी असे तिघं दुकानातली पेटी टांग्यात घालून कॅम्पात गेलो.

एक भिंग होतं आखूड, दुसरं लांब. मी यातला जाणकार नाही, पण इतकी वर्षं जवळून बघून जे समजलं ते सांगतो. आखूड भिंगात लहानशा खोलीतही घरभर माणसं मावतात. फक्त कडेची फुगतात, आणि एकट्या माणसाला जवळून घ्यावं तर नाक पुढे धावतं, कान मागे राहतात. लांब भिंगात एकच चेहरा मावतो, पण तो जसा आहे तसा उतरतो. त्याला पेटीचा भाता पुष्कळ ताणावा लागतो आणि पेटी माणसापासून खूप मागे न्यावी लागते.

अण्णांनी लांब भिंग पेटीला लावलं, फडक्यात शिरले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत. बागेच्या टोकाला साहेबाचा म्हातारा माळी रोपांना पाणी घालत होता. अण्णांनी मला आत बोलावलं. मी वाकून पाहिलं. दुधी काचेवर माळ्याचा चेहरा उलटा उतरला होता. गालावरचे देवीचे वण, पांढरे खुंट, कपाळावरचा घाम. मी रोज चेहरे बघतो, चित्रं रंगवतो, पण असं कुणाकडे बघितलं नव्हतं.

"ह्येच घ्यायचं," अण्णा म्हणाले.

"आनी त्यात काय बसवायचं? एक मुंडकं?" धाकटा म्हणाला. "लग्नाचं वऱ्हाड येतंय, शाळंची पोरं येत्यात. आखूड घे अण्णा. पोट त्याच्यावर हाय."

दोघांची जुंपली. कधी हे लावून बघ, कधी ते. साहेबाचं सामान बांधून व्हायचं होतं, त्याला आमच्या भांडणाचा कंटाळा आला. त्यानं दोन्ही भिंगं एका चामडी पेटीत कोंबली आणि आम्ही जे देऊ केलं होतं त्यात दोन्ही देऊन टाकली. आम्ही परत येताना टांग्यात गाणी म्हणत आलो. आता वाटतं, त्या व्हरांड्यातच काय ते ठरलं असतं तर बरं झालं असतं. फुकटात मिळालेली दुसरी वस्तू फार महाग पडली.

घरी आल्याबरोबर धाकट्यानं हट्ट धरला की पहिला फोटो आईचा, आणि आखूड भिंगानं, आताच्या आता. त्यांच्या आईला गल्ली आक्का म्हणायची. आक्का चुलीपुढून उठून पदर सावरत खुर्चीवर बसल्या. प्लेट धुऊन कागदावर उतरवली तेव्हा आक्कांचं नाक सगळ्या फोटोभर झालं होतं. गल्लीत ज्यानं त्यानं पाहिलं आणि जो तो हसला. आक्कांनी फोटो हातात घेऊन पुष्कळ वेळ बघितला. मग म्हणाल्या, "असलं ध्यान घिऊन तुमच्या बाबानं संसार केला व्हय माझ्यासंगं?" आणि त्या फोटोची काचेची प्लेट मागून घेऊन त्यांनी ती स्वतः धुण्याच्या दगडावर आपटली. हसता हसता आपटली, पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते अण्णांनी पाहिलं.

"आई, तुझा मी लांब भिंगानं काढतो," अण्णा म्हणाले. "एकटीचा. तोंड हाय तसं येतंय बघ."

"एकटीचा?" आक्का दचकल्या. "मेले व्हय रं मी?"

आमच्याकडे तेव्हा ही समजूत पक्की होती. जिवंत माणूस घरच्यांच्या घोळक्यात फोटोत उभं राहतं. एकट्याचा चेहरा फ्रेममध्ये बसला की त्याला हार पडणार, दुसरं काय? आधी तयार करून ठेवला तर मरण लवकर येतं म्हणत. अण्णांनी विनवण्या केल्या तेव्हा आक्का म्हणाल्या, "धाकट्याचं लगीन हुं दे. दुसरी सून बघितली की माझं काय ऱ्हात न्हाय. मग काढ खुशाल." अण्णांनी ते वचन समजून मनात जपून ठेवलं.

तोवर लांब भिंगाचं काय करायचं? दुकान एवढंसं. त्यात भाता ताणायलाच जागा नाही. मग अण्णांनी तोड काढली. गिऱ्हाईक दुकानात दाराशी बसवायचं आणि पेटी गल्लीपलीकडे समोरच्या कोष्ट्याच्या सोप्यात मागाशेजारी लावायची. मधे गल्ली. गल्लीतून बैलगाड्या, सुताचे गठ्ठे घेतलेल्या बाया, म्हशी. त्या अडवण्याचं काम धाकट्याचं. तो गल्लीच्या मधोमध उभा राहून हात वर करायचा आणि साऱ्या शहापूरला ऐकू जाईल असा ओरडायचा, "थांबा हो! अण्णा बघाय लागल्यात!"

आणि लोक थांबायचे! गाडीवान बैलांची वेसण धरून उभे राहायचे. कोष्टीण मागाचा खटका बंद ठेवायची, मग वैतागून म्हणायची, "झालं का न्हाय वो? माझं लुगडं आज हुईल का उद्या?" एकदा एका मास्तरांचा चेहरा घेताना म्हैस धाकट्याला न जुमानता मधून गेली आणि मास्तरांच्या जागी म्हशीची पाठ आली. धाकट्यानं ती काच मास्तरांना दाखवून "तुमीच हाय, जरा हलला" असं सांगितलं. अण्णा पोट धरून हसले. त्या दोघांना एकत्र हसताना मी पाहिलं आहे, म्हणून पुढचं सांगताना माझं डोकं फिरतं.

धाकट्याचं लग्न झालं. लग्नानंतर त्यानं निपाणीला दुकान काढायचं म्हटलं. तिकडे तंबाखूचा पैसा, मोठी मोठी जैन घराणी, लग्नंही तशीच दांडगी. अण्णा म्हणाले, एका घरात दोन चुली नकोत. शब्दानं शब्द वाढला, आणि त्यात आक्कांचा फोटो राहूनच गेला. गल्ली म्हणते सुनांनी घर फोडलं. गल्लीला सुना हाताशीच असतात. मी तिथं होतो, दोन्ही बायका स्वयंपाकघरात एका ताटात जेवत होत्या आणि बाहेर हे दोघं भांडत होते.

वाटणीचा दिवस ठरला. आमच्याकडची रीत अशी की थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करू शकत नाही आणि धाकट्याला तक्रारीला जागा राहत नाही. उचलताना कुणी कुणाला काही सुचवायचं नाही. हात लागला तो वाटा आपला. चांगली रीत आहे. फक्त तिच्यात "मला हे हवंय" असं म्हणायला जागा नाही.

भांडीकुंडी झाली. मग दुकानाचं सामान सोप्यात घोंगड्यावर मांडलं. पंच म्हणून गल्लीतले दोन वडीलधारे, आणि पडद्यांची ओळख पटवायला मी. आक्का उंबऱ्यात बसल्या होत्या.

अण्णांनी एका बाजूला आखूड भिंग ठेवलं. त्याच्याबरोबर नवी पेटी, पेटीखालची चांगली तिकाटणी, माझा मोराचा पडदा, कोचाच्या खुर्च्या. दुसऱ्या बाजूला लांब भिंग. त्याच्याबरोबर जुनी पेटी, कारण भिंगाला पुरेल एवढा भाता तिलाच होता आणि तो भाताही उंदरांनी कुरतडलेला. प्लेटा धुवायची तडा गेलेली तबकडी, तीन पायांची खुर्ची, माझा फसलेला कारंज्याचा पडदा. मला लगेच उमगलं. अण्णांना लांब भिंग हवं होतं. धाकट्याला निपाणीत ग्रूप काढायचे आहेत, तो चांगला वाटा उचलील, आणि हा भंगाराचा ढीग आपसूक आपल्याकडे राहील, असा त्यांचा हिशेब. स्वतःचं नुकसान करून केलेली लबाडी, पण लबाडीच.

धाकटा उभा राहिला. त्यानं या ढिगाकडे पाहिलं, त्या ढिगाकडे पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं. मग पुढे होऊन लांब भिंगावर हात ठेवला.

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. "नीट बघून घे," ते म्हणाले.

"बघूनच घेतलंय," धाकटा म्हणाला.

पंचांनी मान हलवली. झालं. धाकट्याची बायको गरोदर होती, नव्या जागी वडीलधारं बाईमाणूस हवं, म्हणून आक्काही त्याच्याबरोबर निपाणीला गेल्या. जिचा चेहरा घ्यायचा ती आई आणि ज्यानं घ्यायचा ते भिंग, दोन्ही एकाच मोटारीत बसून गेली. अण्णा मोटारीपर्यंत पोचवायला आले नाहीत. दुकानात एकटेच बसून होते. मी गेलो तर म्हणाले, "माझा डोळाच काढून नेला रं त्यानं. त्याला काय उपेग त्याचा? मला मिळू नगं म्हनून नेला."

त्या दिवसानंतर ती मूठ सुरू झाली.

वर्षं गेली. अण्णा आखूड भिंगानं ग्रूप काढत राहिले आणि लोकांना जवळ सरकवत राहिले. धंदा चांगला चालला, ते मात्र कडवट होत गेले. कडेला कुणाला उभं करायचं यात त्यांची मजा असायची. आधी ते किडकिडीत माणसांना कडेला लावायचे, म्हणजे फुगून बरी दिसतात. आता ते मुद्दाम जाडजूड, घमेंडखोर माणूस बघून कडेला लावू लागले. संकेश्वरकडचा एक पाटील फोटोत तंबाखूच्या पोत्यासारखा आला आणि भांडायला आला. अण्णा त्याला शांतपणे म्हणाले, "भिंग हाय तसंच दावतंय, पाटील." ते खोटं होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या पाट्या रंगवायला मला वरचेवर जावं लागे. धाकट्याचं दुकान बाजारात होतं. त्यानं कुणाकडून तरी एक हलकं आखूड भिंग मिळवलं होतं आणि त्यावर तोही ग्रूपच काढत होता. लांब भिंग कुठंच दिसेना. एकदा मी सरळ विचारलं, "नेलंस कशाला मग, भाड्या, वापरायचं नव्हतं तर?"

धाकट्यानं हातातली काच पुसून खाली ठेवली. मग म्हणाला, "चांगलं सगळं एका बाजूला मांडलंतं अण्णानं. त्याला वाटलं मी त्याच्यावर झडप घालनार. त्येची दोन पोरं, जमलेलं दुकान. मी कशाला चांगलं उचलू? लांब भिंग त्येची हौस, पन पोट आखूडावर चालतंय. भंगार उचललं. त्याला चांगलं ऱ्हावं म्हनून उचललं."

"अरे, त्याला ते भंगारच हवं होतं!"

"मग बोलायचं की त्यानं!"

मी तिथल्या तिथं डोक्याला हात लावला. आत आक्का होत्या, त्या म्हणाल्या, "थोरला कसा हाय? त्याला म्हनावं, धाकट्याचं लगीन झालं, नातू खेळाय लागला. आता एकटीचा काढला तरी चालतंय मला. ये म्हनावं."

शहापुरात येऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. धाकट्यानं का उचललं तेही. मला वाटलं होतं, हा माणूस आता उठेल आणि पहिल्या मोटारीनं निपाणीला जाईल.  ते म्हणाले, "म्हंजे मी त्याला फसवाय गेलो, आनी त्यो मला द्याय गेला."

"झालं ते झालं. उठा आता."

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

इतके दिवस रागानं गेले नव्हते, आता लाजेनं गेले नाहीत. माझं ऐकाल तर सांगतो, राग परवडला. मी मागातल्या धोट्यासारखा या टोकाकडून त्या टोकाला निरोप नेत राहिलो. धाकटा म्हणायचा, "बोलावनं कशाला पायजे त्याला? आई त्याची न्हाय व्हय?" अण्णा म्हणायचे, "त्याच्याकडं हाय की भिंग. त्यानं काढावा." धाकटा म्हणायचा, "त्या भिंगाला अण्णाचाच हात लागनार, माझा न्हाय." दोघंही चुकीचं काही बोलत नव्हते आणि आक्का म्हाताऱ्या होत होत्या.

विलायतेकडे लढाई सुरू झाली, प्लेटा मिळेनाशा झाल्या. तशातच आक्कांनी अंथरूण धरल्याचा निरोप आला. अण्णांनी जपून ठेवलेल्या प्लेटांची पेटी काढली, मला बरोबर घेतलं, आणि आम्ही निपाणीच्या मोटारीत बसलो. वाटभर ते प्लेटांची पेटी मांडीवर धरून बसले होते.

धाकट्यानं दार उघडलं. "ये," एवढंच म्हणाला. आक्का जाग्या होत्या, शुद्धीवर होत्या. थोरल्याला बघून त्यांनी सुनेला हाक मारली. "माझी येनी घाल गं. नवं लुगडं काढ." शहापुरी काठाचं लुगडं नेसवून, कुंकवाची जागा मोकळी ठेवून त्यांना खिडकीसमोर पाटावर टेकवून बसवलं. उजेड चांगला होता.

धाकट्यानं जुनी पेटी आणली. भात्याला त्यानं काळजीनं ठिगळं लावून ठेवली होती. मग त्यानं ट्रंक उघडली, तळातून एक गाठोडं काढलं. आक्कांच्या जुन्या लुगड्याच्या घड्या एकावर एक, त्यांच्या आत चामडी पेटी, तिच्या आत आणखी एक फडकं, आणि त्यात लांब भिंग. इतक्या वर्षांत एकदाही न वापरलेलं. त्यानं ते दोन्ही हातांनी अण्णांपुढे धरलं.

अण्णांनी भिंग लावलं, फडक्यात शिरले. भाता पुढे केला, मागे केला. परत पुढे केला. मग बाहेर आले, भिंग काढलं आणि खिडकीच्या उजेडात धरून आरपार पाहिलं. मीही त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. आतल्या काचेवर पांढरे धागे पसरले होते, भिंतीवर ओल चढावी तसे. इतके पावसाळे ते अंधारात, बंद ट्रंकेत, लुगड्यांच्या घड्यांत होतं. आतून बुरशीनं खाल्लं होतं. बाहेरून पुसून जाणारी ती गोष्ट नव्हती.

अण्णा धाकट्याकडे वळले. मला वाटलं आता याच्या तोंडून काहीतरी भयंकर निघणार.

"अधनंमधनं उन्हात ठेवायचं असतंय रं," ते म्हणाले.

"मला काय म्हाईत, अण्णा," धाकटा म्हणाला. "जपून ठेवलंतं."

दारातलं ते 'ये' सोडलं तर वाटणीनंतर दोघा भावांमधलं हे पहिलं बोलणं. मग धाकटा हळूच म्हणाला, "माझं आखूड लावू का?" अण्णांनी मान हलवली. नको. पाटावरून आक्का म्हणाल्या, "किती येळ रं? माझी मान अवघडली."

अण्णांनी ते आंधळं भिंग परत पेटीला चढवलं. प्लेट घातली. भिंगाची टोपी हातात घेऊन आईसमोर उभे राहिले. "हां. हलू नगंस," म्हणाले आणि टोपी काढली. आक्का अजिबात हलल्या नाहीत. डोळे सरळ भिंगात, तोंडावर थोडं हसू. या प्लेटवर काही उतरणार नाही हे त्या खोलीत त्या सोडून आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

मी त्या दिवसाबद्दल अण्णांना अजून माफ केलेलं नाही. आखूड भिंग लावायचं होतं. नाक मोठं आलं असतं तर आलं असतं, निदान नाक तरी राहिलं असतं! पण एकदा त्या आईला त्यांनी "तोंड हाय तसं येतंय" म्हणून सांगितलं होतं, आणि आता त्याहून कमी द्यायला त्यांचा हात तयार होईना. हट्टी माणसं प्रेमातसुद्धा दुसऱ्याचं नुकसानच करतात.

आक्का त्या आठवड्यात गेल्या. दिवसकार्य झालं आणि अण्णा परत आले. प्लेट त्यांनी धुतली. फोटोत लुगड्याचा काठ थोडा दिसत होता, एका कानाची कुडी चमकत होती, आणि जिथं चेहरा हवा तिथं दाट धुकं. मी म्हणालो, "अण्णा, माझ्याकडे द्या. मी रंगानं चेहरा भरतो. आक्कांना मी काय कमी बघितलंय?"

"नगं," ते म्हणाले. "तू काढशील ते तुझं. तिचं न्हवं."

त्यांनी तो तसाच फ्रेम करून दुकानात लावला आणि त्याला हार घातला. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय आहे हो, पावसाचा फोटो काय? अण्णा म्हणायचे, "आई हाय." मग फडक्यात शिरायचे, आणि त्यानंतर "जवळ सरा" म्हणताना त्यांचे तळवे पूर्वीसारखे एकमेकांपर्यंत यायचे नाहीत. डोळ्याला मूठ लावणंही बंद झालं. बाजारात ते खाली बघून चालायचे.

इंग्रज जाणार हे नक्की झालं तेव्हा कॅम्पात बंगल्याबंगल्यापुढे सामान मांडलेलं असायचं. मी एका बंगल्याची पाटी पुसायला गेलो होतो. तिथल्या व्हरांड्यात टोपलीत भिंगंच भिंगं पडलेली, आखूड, लांब, त्याहून लांब, एकदम स्वच्छ. मी धावतच अण्णांकडे आलो. "चला, टांगा बोलावतो. लांब भिंगं पडलीत तिथं, पाहिजे ते निवडा."

अण्णा खुर्चीवर बसले होते. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे बघितलं. "आता कुनाचा काढू?" म्हणाले.

त्यानंतर पाऊस संपायच्या आधीच ते गेले. छातीत कळ आली आणि दुकानातच, पडद्यासमोर गेले. निपाणीला निरोप पाठवला. धाकटा आला, पण घरात शिरला नाही. बायका आत रडत होत्या, माणसं दारात तिरडी बांधत होती, आणि हा गल्लीपलीकडे, समोरच्या कोष्ट्याच्या सोप्याशी, जिथं पूर्वी पेटी लावायचे तिथं उभा. मी त्याला हाताला धरून आणायला गेलो. "ये की. थोरला भाऊ तुझा. जवळ ये." त्यानं मान हलवली.

तिरडी उचलून बाहेर काढली. गल्ली अरुंद, आणि नेमकी तिकडून सुताचे गठ्ठे भरलेली एक बैलगाडी आत शिरली. गाडीवान मुलुखाबाहेरचा, त्याला काही ठाऊक नाही, तो बैलांना हाकत पुढे येतच राहिला. एवढ्यात धाकटा गल्लीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. त्यानं हात वर केला आणि साऱ्या शहापूरला ऐकू जाईल असा ओरडला, "थांबा हो!"

गाडी थांबली. दोन्ही बाजूंचे माग थांबले. हात वर धरून तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं, पुढचे शब्द त्याला बोलता येईनात. तिरडी त्याच्यासमोरून हळूहळू पुढे गेली.